शुगर, आणि लोणंद ते तरडगाव

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

"वय ५१. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कॅशियर आहे. सात वर्षं झाली, शुगर आहे. गोळ्या दोन, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मागच्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी ९.१ आली. डॉक्टर म्हणाले, 'असंच चाललं तर पुढच्या वेळी इन्सुलिन.' माझी आई किडनी निकामी होऊन गेली, शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होती. तिचं सगळं मीच केलं. तरी माझ्या वागण्यात फरक पडत नाही. घरचे म्हणतात, आईचं बघितलंस ना, आता नातवाकडे तरी बघ. नातवावर जीव आहे, पण त्याच्याकडे बघून शंकरपाळ्याच्या डब्यातला हात काही मागे येत नाही. डॉक्टरांकडे जाऊन आलं की दोन दिवस नीट जातात, मग ये रे माझ्या मागल्या. तपासणीच्या आधी मात्र आठवडाभर कडक पथ्य करते. मेटफॉर्मिनने पोट बिघडतं, म्हणून काउंटर असला की दुपारची गोळी टाळते. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की उरलंसुरलं ओट्याशी उभी राहून संपवते. चालायला जा म्हणतात, पण बाहेर पडलं की तासाभरात लघवीला लागते. त्यापायी भजनी मंडळ सोडलं. दरवर्षी पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव चालायचे, तेही तीन वर्षं बंद आहे. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? ही प्रेरणा लोक आणतात तरी कुठून?"

ताई,

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून टाकली आहे: लोणंद ते तरडगाव. तिच्याकडे मी येणारच आहे. पण आधी इच्छाशक्तीचं बघू, कारण त्या बाबतीत तुम्ही स्वतःवर उगाच आळ घेतलाय.

दोन वर्षं आईचं डायलिसिस सांभाळलंत. संध्याकाळी कॅश रुपयाला रुपया जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही अशी नोकरी करता. वर तपासणीच्या आधी आठवडाभर बिनसाखरेचा चहा, भात बंद, गोडाला हात नाही. इच्छाशक्ती नसलेल्या माणसाचं हे काम नव्हे. तुमच्याकडे ती भरपूर आहे, फक्त चुकीच्या आठवड्यात खर्च होतेय. एचबीए१सी, म्हणजे तुमची ती तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, रक्तातल्या तांबड्या पेशींना किती साखर चिकटली आहे ते मोजते, आणि या पेशी साधारण १२० दिवस जगतात. शेवटच्या महिन्याचा वाटा त्यात जास्त असतो हे खरं, पण सात दिवसांच्या तपश्चर्येने आकडा फारसा हलत नाही. मलाही अकरा वर्षं शुगर आहे आणि हा उद्योग मीही केलेला आहे. तपासणीच्या दिवशी लॅबमधून निघाले की समोरच्या हॉटेलात साबुदाणा वडा ठरलेला. परीक्षा संपली ना!

परीक्षा हा शब्द मी मुद्दाम वापरला. डॉक्टरांनी विचारायचं, आपण नापास व्हायचं, ओरडून घ्यायचं आणि दोन दिवस शहाण्यासारखं वागायचं. यात आपली शुगर आपली राहतच नाही, डॉक्टरांची होते. ज्या कामाचा साहेब दुसरा कोणी असतो, ते काम आपण साहेबाची पाठ वळेपर्यंतच नीट करतो.

घरच्यांनी दिलेल्या कारणांचंही असंच आहे. नातवाकडे बघ, आईचं आठव. त्यात खोटं काही नाही, पण ती कारणं त्यांची आहेत. नातू मोठा होईल ते बघायला आपण असावं, ही वीस वर्षांपुढची गोष्ट झाली. रात्री साडेदहाला कढईत उरलेली अर्धी वाटी बटाट्याची भाजी आणि दीड पोळी समोर असते, तेव्हा वीस वर्षांपुढचं काही आठवत नाही. नातवावर प्रेम असणं आणि शंकरपाळे खाणं यांचा एकमेकांशी संबंध लावून तुम्ही स्वतःला छळताय. तो लावू नका.

आईबद्दल मला एक शंका आहे, चुकत असेन तर सोडून द्या. आईचं एवढं जवळून पाहिलं, तरी फरक पडत नाही, असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, आईचं एवढं पाहिलंय म्हणूनच तुम्ही तिकडे बघत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसलेल्या बाईला किडनीची भीती आणखी कोणी घालायची गरज नसते. ती भीती इतकी मोठी असते की रिपोर्टचं पाकीट उघडावंसंच वाटत नाही. भीतीने माणूस दोन दिवस पळतो, नंतर डोळे मिटून बसतो. तेव्हा प्रेरणा म्हणून भीती बाद. तिच्या जागी फक्त दोन तपासण्या आणा: लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची. वर्षातून एकदा दोन्ही, सोबत रक्तदाब. मूत्रपिंडाची कुरबुर सुरू झाली असली तर लघवीतलं अल्ब्युमिन ती फार आधी, काही त्रास नसतानाच दाखवतं, आणि तेव्हा करण्यासारखं बरंच असतं. आईच्या वेळी हे वेळेवर झालं होतं की नाही मला माहीत नाही. तुमच्या वेळी होऊ शकतं.

आता लोणंद.

ज्यांनी ही वाट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा स्नानानंतर सातारा जिल्ह्यात येते. लोणंदचा मुक्काम उरकून तरडगावकडे निघाली की वाटेत चांदोबाचा लिंब लागतो आणि तिथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. अंतर फार नाही, वारकऱ्यांच्या हिशेबाने तर काहीच नाही. आणि ताई, तुम्ही ते पाय दुखतात म्हणून सोडलेलं नाही, दम लागतो म्हणूनही नाही. लघवीला कुठे जायचं, या एका धास्तीने सोडलंय. पुरुषांना यातलं किती कळेल कोण जाणे, पण हे वाचणाऱ्या निम्म्या बायकांना नक्की कळलं असेल. एसटीचा लांबचा प्रवास नको, लग्नाला गेलं की आधी बाथरूम कुठे ते बघायचं, काउंटरवर बसायचं म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. (तुम्हीही पाणी तोडलं असणार, अशी मला दाट शंका आहे. तोडू नका. शुगर जास्त असताना पाणी कमी पिणं फार वाईट.)

ही धास्ती आणि ते ९.१ यांचं नातं तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मूत्रपिंड रक्तातली साखर गाळून परत रक्तात पाठवत असतं. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की त्याला ती सगळी परत घेता येत नाही. मग ती लघवीत सांडते, आणि साखर एकटी जात नाही, सोबत पाणी ओढून नेते. म्हणून तासातासाला लघवी, म्हणून तहान, म्हणून रात्री तीन-तीनदा उठणं, म्हणून दुपारी काउंटरवर डोळे मिटणं. एचबीए१सी ९.१ म्हणजे दिवसरात्रीची सरासरी २१४ च्या आसपास. म्हणजे तुमचा बराचसा वेळ त्या १८० च्या वरच जातोय. एचबीए१सी ८ च्या खाली आलं की सरासरी १८० च्या आसपास किंवा त्याखाली येते, आणि हा त्रास कमी झालेला पुष्कळांना काही आठवड्यांतच जाणवतो. डोळे, किडनी, पाय यांचे फायदे दिसायला वर्षं लागतात. हा फायदा रात्री बिछान्यातच कळतो.

तेव्हा प्रेरणा कुठून आणू, या प्रश्नाचं माझं उत्तर असं की ती तुमच्या पत्रातच आहे. तुम्हाला क्षुल्लक वाटली म्हणून तिचं नाव प्रेरणा ठेवलं नाहीत, इतकंच. आजारासाठी कारण कसं भव्य हवं, असं आपल्याला वाटतं. कुटुंब, कर्तव्य, दीर्घायुष्य. पण बाथरूम न शोधता चार तास माउलींबरोबर चालता यावं, हे पुरेसं कारण आहे, आणि ते तुमचं आहे. ज्या वाचकांना वारीशी देणंघेणं नाही त्यांनी आपलं शोधावं. शुगरने माझं आजचं काय हिरावून घेतलंय? वाचताना स्पष्ट दिसणारी अक्षरं, शनिवारचं क्रिकेट, सलग झोप, काहीही. कुणाला सांगायची लाज वाटावी इतकं बारीक असलं तर बहुधा तेच खरं.

एक सावधगिरी. वारंवार लघवीचं कारण साखरच असेल असं मी इथे बसून सांगू शकत नाही. शुगर असलेल्या बायकांना लघवीचा जंतुसंसर्ग सहज होतो, या वयात पाळी जाण्याने आणि जुन्या बाळंतपणांमुळे ओटीपोटाचे स्नायूही सैल पडलेले असू शकतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगून लघवीची तपासणी करून घ्या. आणखी एक, शुगरच्या काही नव्या गोळ्या साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. किडनी आणि हृदयासाठी त्या चांगल्या असतात, पण तुम्हाला उद्या कोणी लिहून दिल्या तर तुमची ही अडचण आधी त्यांच्या कानावर घाला.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा तोंडी बोलायच्या भरवशावर राहू नका. ओरडा बसला की आपण अर्धं विसरतो. चिठ्ठीवर तीनच ओळी लिहून ती आत गेल्या गेल्या टेबलावर ठेवा. पहिली: दुपारची मेटफॉर्मिन मी आठवड्यातून इतके दिवस घेत नाही, पोट बिघडतं. दुसरी: लघवीला इतक्या वेळा जावं लागतं, रात्री इतक्यांदा. तिसरी: आषाढीच्या आधी मला लोणंद ते तरडगाव चालायचंय. पहिली ओळ लिहायला जड जाईल, पण सगळ्यात महत्त्वाची तीच. डॉक्टरांना वाटतंय की तुम्ही सगळ्या गोळ्या घेता आणि तरीही ९.१ येतं. त्या समजुतीवर ते इन्सुलिनकडे निघालेत. उद्या इन्सुलिन सुरू झालं आणि घाबरून तुम्ही गोळ्याही सगळ्या घ्यायला लागलात तर साखर धाडकन खाली येऊ शकते. पोट बिघडण्यावर तर साधे उपाय आहेत. ती गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते, आणि तिचाच हळूहळू विरघळणारा प्रकार मिळतो, तो बऱ्याच जणांच्या पोटाला सोसतो. कदाचित तुमचं अर्धं काम एवढ्यावरच होईल.

आणि एवढं करूनही इन्सुलिन लागलं तर? लागू दे. ती शिक्षा नाही. ब्रिटनमध्ये १९७७ ला सुरू झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात टाइप २ मधुमेहाचं नुकतंच निदान झालेल्या पाच हजारांवर लोकांना वर्षानुवर्षं तपासलं होतं. नऊ वर्षांनंतर एकाच उपायावर साखर आटोक्यात असलेले त्यातले साधारण चौथा हिस्साच उरले होते. स्वादुपिंड कालांतराने थकतं, हा आजाराचा स्वभाव आहे. त्याच अभ्यासातून एक दिलासाही मिळतो. एचबीए१सी एका अंकाने कमी असलेल्यांमध्ये डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार एक तृतीयांशाहून थोडे जास्तच कमी आढळले. म्हणून ६.५ चं स्वप्न आत्ता बघू नका. ९.१ वरून ८ च्या आत, एवढंच ठरवा.

आता रात्रीचा ओटा. इथे तुमचं चुकतं असं मला वाटत नाही, तुमच्या घराची व्यवस्थाच तशी लागलेली आहे. दुपारी एकला डबा, चारला चहा-बिस्किटं, मग घरी येऊन स्वयंपाक, वाढणं, आणि स्वतः जेवायला साडेनऊ-दहा. नऊ तास धड काही पोटात नसलेली बाई कढईसमोर उभी राहिली तर ती खाणारच. त्यात उरलेलं टाकवत नाही, हा आपल्या आयांनी दिलेला संस्कार. (फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी फोडणीची पोळी होते आणि तीही घरातली हीच बाई खाते.) ओट्यावरचं ते खाणं बहुतेक वेळा जेवण झाल्यानंतरचं असतं, म्हणजे दुसरं जेवण. मी असं करून बघेन: सहाला घरी आल्यावर आधी मूठभर फुटाणे किंवा वाटीभर मोडाची मटकी, मग पातेलं हातात. जेवायला सगळ्यांबरोबर बसायचं, ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. आणि जेवणानंतर ओटा आवरायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी. 'आईचं आठव' म्हणणाऱ्यांना दुसरं काही करायला सांगू नका. ताट बघून टोकणं बंद आणि ओटा त्यांच्याकडे, एवढं ठरवा. त्या वेळात तुम्ही चपला घाला आणि गल्लीच्या टोकापर्यंत दहा मिनिटं चालून या. घर जवळ, बाथरूम जवळ, धास्ती नाही. जेवणानंतर पाय हलले की स्नायू साखर ओढून घेतात.

हे खरंच होतं का, ते माझ्या शब्दावर मानू नका. तुमच्याकडे ग्लुकोमीटर असेल, बहुतेक घरांत कपाटाच्या खणात असतोच. स्ट्रिपची तारीख उलटली नाही ना तेवढं बघा. एकच आठवडा, रोज दोनदा बोट टोचायचं: रात्रीच्या जेवणाआधी, आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी. तीन दिवस नेहमीसारखं, चार दिवस ओटा दुसऱ्याकडे आणि दहा मिनिटं चालणं. आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहा, तारखेच्या चौकटीत. नुसता मोठा आकडा बघून जीव जातो, पण दोन आकड्यांतला फरक बघायला गंमत येते. मला स्वतःला भात सोडावा लागेल असं वाटायचं. याच खेळातून कळलं की माझ्याकडे खरा घोटाळा संध्याकाळच्या पोह्यांचा होता. दोन बश्या पोह्यांनी साखर ९० ने चढायची. एक बशी पोहे आणि वर वाटीभर मटकीची उसळ घेतली की ४० वर भागायचं. तुमचे आकडे वेगळे येतील. मात्र ते बघितल्यावर मला पुढच्या दिवशी पुन्हा टोचून बघावंसं वाटलं. प्रेरणा अशीच, काही केल्यानंतर येते. आधी तिची वाट बघत बसलं की ती येत नाही.

आठवड्यात तीन दिवस जमलं आणि चार दिवस फसलं तर चार दिवसांचा हिशेब लावत बसू नका. कॅश जुळली नाही म्हणून कोणी पतसंस्था बंद करत नाही.

एक मात्र मनावर घ्या. हे सगळं वाचूनही जर कशातच मन लागत नसेल, नातवाबरोबर खेळतानाही आत रिकामं वाटत असेल, सकाळी उठूच नये असं वाटत असेल, तर तेही त्या चिठ्ठीवर चौथी ओळ म्हणून लिहा. शुगर असलेल्यांमध्ये नैराश्य जास्त आढळतं, आणि त्यावर उपचार केल्याशिवाय पथ्याच्या गोष्टी करणं फुकट आहे. आई गेल्याचं दुःख तुम्ही कोणाशी बोललात का, हेही मला विचारावंसं वाटतं.

आत्ता माघ चाललाय. पालखी लोणंदला यायला चारेक महिने आहेत. एकदम तिकडे उडी नको. आधी भजनी मंडळात परत जा, दोन तास न उठता बसता आलं की कळेल गाडी कुठवर आलीय. मध्ये जमलं नाही तर टाळ खाली ठेवून उठा, मंडळातल्या निम्म्या जणी तेवढ्यासाठीच तुमच्या पाठोपाठ उठतील. एकादशी धरत असाल तर साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि ग्लिमेपिराइड घेऊन नुसतं उपाशी राहणंही धोक्याचं. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

प्रत्यक्ष चालायच्या दिवशी पदराच्या गाठीला किंवा पिशवीच्या वरच्या कप्प्यात साखरेची पुडी हवीच. ग्लिमेपिराइड आणि लांब चालणं एकत्र आलं की साखर खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोकं भणभणणं असं काही झालं की बसा, तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटं थांबा, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घ्या. बरोबरच्या एखाद्या बाईला तुम्हाला शुगर आहे हे सांगून ठेवा. आणि अनवाणी चालायचा नवस असेल तर माउलींची क्षमा मागून तो मागे घ्या. सात वर्षांच्या शुगरमध्ये तळव्यांची जाणीव कमी झालेली असू शकते, खडा टोचलेला कळतही नाही. बूट निघायच्या आठवड्यात नवे घेऊ नका. वैशाखातच घ्या, संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि घरात घालून घालून मऊ करा. तरडगावला पोचल्यावर मोजे काढून तळव्यांखाली आरसा धरा आणि बोटांच्या बेचक्याही बघा.